सरांना सापडलेला शब्द

कॉलेजच्या फाटकाशेजारचा बहावा यंदा लवकर फुलला. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पिवळे घोस खाली लोंबायला लागले आणि परीक्षेला येणारी मुलं त्यांच्याखाली उभं राहून नोट्सवर शेवटची नजर टाकायला लागली. वर्गात पंख्याचा आवाज, उत्तरपत्रिका उलटण्याचा आवाज, मधेच कुणाचं तरी खोकणं. कल्याणच्या खाडीकडून येणारा वारा इथवर पोचेपर्यंत तापलेला असतो. मी बाकांमधून येरझाऱ्या घालते आणि मनात दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा सुरू होतो. तो अजून माझ्यात संपलेलाच नाही.

त्या उन्हाळ्यात परीक्षा होत्या आणि निवडणूकही होती. डोंबिवलीत आमच्या गल्लीतून सकाळ-संध्याकाळ प्रचाराच्या रिक्षा फिरायच्या. मतदारांनो, बंधूंनो, भगिनींनो. शब्दच शब्द नुसते सांडलेले असायचे रस्त्यावर. आणि मी घोडबंदर रोडच्या बसमध्ये बसून अशा माणसाकडे जायची, ज्याच्याकडे फक्त दोन शब्द उरले होते.

साळवे सर माझे शिक्षक. एम.ए.ला त्यांनी मला इंग्लंडचा इतिहास शिकवला. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. पण मी त्यांना सर म्हणायची थांबले नाही आणि ते मला वर्गात असल्यासारखे प्रश्न विचारायचे थांबले नाहीत. सर वाढले कल्याण पूर्वेच्या एका चाळीत. वडील रेल्वेच्या यार्डात कामाला. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली संविधानाची उद्देशिका. शाळेत जायच्या आधीच ती त्यांना पाठ झाली होती. असा माणूस सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कसा जाऊन पोचला, हे मी एकदा विचारलं होतं.

"आपल्याकडे राजाचे पोवाडे भरपूर," ते म्हणाले. "राजाला जाब विचारणारी चोपडी कुणी लिहिली, ते शोधत निघालो. शोधत शोधत लंडनला पोचलो. विमानानं नाही हां, झेरॉक्सनं."

सर लंडनला कधीच गेले नाहीत. पण तिथल्या त्या काळच्या गल्ल्या त्यांना आपल्या कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीसारख्या माहीत होत्या. ते सांगायचे, तेव्हा राजा आणि संसद यांच्यात जुंपली होती आणि त्या भांडणात गावभर छोटी छोटी चोपडी निघत होती. चार पानांची, आठ पानांची, खरबरीत कागदावर घाईनं छापलेली. पुष्कळदा लिहिणाऱ्याचं नावच नसायचं. छापखान्याचा पत्ता असला तर तो खोटा असायचा. बायका ती रस्त्यावर ओरडून विकायच्या. पकडलं गेलं तर तुरुंग, चौकात खोडा, आणि एक काळ असाही होता की कान कापले जायचे. तरी माणसं लिहीत होती. राजाला सत्ता कुणी दिली? देवानं, की आम्ही?

हे सगळं सर वर्गात उभं करायचे. खिडकीकडची बाजू राजाची, दाराकडची संसदेची. राजाकडून बोलायला ते हमखास मला उठवायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "न पटणारी बाजू नीट मांडता आली तर इतिहास येतो, बरं का." हे 'बरं का' त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी असायचं. आम्ही मुलं त्यांच्या मागे त्याची नक्कल करायचो.

निवृत्तीनंतर त्यांनी या चोपड्यांवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. तोवर जुन्या पानांची छायाचित्रं घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसायला लागली होती. पहिल्यांदा असं एक पान पडद्यावर आलं तेव्हा मी शेजारी होते. पानाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी शाईच्या बोटाचा ठसा उमटलेला होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आपलं बोट त्या ठशावर टेकवलं.

पुस्तक जवळजवळ लिहून झालं. अडलं ते एका शब्दावर. राजा म्हणायचा, कायद्याच्या वर माझा एक हक्क आहे, तो मला कुणी दिलेला नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. इंग्रजीत त्याला प्रेरॉगेटिव्ह म्हणतात. संसद म्हणायची, आमचेही काही हक्क आहेत, त्यांना तू हात लावायचा नाहीस. ते प्रिव्हिलेज. आणि मराठी कोशात बघायला जावं तर दोन्हींना एकच शब्द: विशेषाधिकार.

"अगं, भांडणच या दोन शब्दांचं आहे," सर वैतागायचे. "आणि आपण दोघांच्या हातात एकच काठी द्यायची? वाचणाऱ्याला कळणार कसं, कोण कुणाला मारतंय ते?"

म्हणून त्यांनी संसदेला विशेषाधिकार देऊन टाकला आणि राजाच्या शब्दासाठी हस्तलिखितात जागा कोरी ठेवली. पानापानावर कोऱ्या जागा. मी राजाधिकार सुचवला, तो त्यांना सरकारी वाटला. राजहक्क सुचवला, तो नाटकातला वाटला. हा खेळ आमचा दोन वर्षं चालला होता.

मग त्या मार्चमध्ये एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं नातू झाला.

"शुभदा, सापडला! इतका साधा शब्द आहे. आपल्या घरातला. रोज तोंडात असतो आणि दिसत नव्हता."

"कुठला? सांगा ना सर."

"फोनवर नाही. रविवारी ये. ऐकताना तुझा चेहरा बघायचाय मला."

शुक्रवारी सकाळी दाढी करताना ते न्हाणीघरात कोसळले.

जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, यांना सगळं कळतंय, आतमध्ये शब्दही आहेत, पण आतून बाहेर यायचा रस्ता बंद झालाय. हॉस्पिटलमध्ये मी पलंगाजवळ गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. डोळे चमकले. तोंड उघडलं, ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या आणि बाहेर आलं, "बरं का."

तेवढंच उरलं होतं. तहान लागली तरी 'बरं का'. पंखा बंद करा, 'बरं का'. राग आला की तेच दोन शब्द दातांतून यायचे. पुढे पुढे आम्ही सुरावरून ओळखायला लागलो. ज्याची वर्गात नक्कल करून आम्ही हसलो होतो, ते आता त्यांचं सगळं बोलणं झालं होतं.

मुलानं, मिलिंदनं, त्यांना घोडबंदर रोडच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. सरांच्या पत्नी आधीच गेलेल्या, त्यामुळे कल्याणच्या घरात बघणारं कुणी नव्हतं. मी पेपर तपासणीतून सुटी मिळाली की ठाण्याहून बस धरायची. त्या रस्त्यावर बस चालते कमी, उभी राहते जास्त. दोन्ही बाजूंना टॉवर, मधे मेट्रोच्या कामाची धूळ, आणि उजव्या खिडकीत बसलं तरी डाव्या खिडकीतून दिसत राहणारे येऊरचे वाळून पिंगट झालेले डोंगर. सिग्नलला ताडगोळेवाले. मी सरांसाठी ताडगोळे घ्यायची, कारण ते मऊ, त्यांना गिळता यायचे. स्नेहल ते चमच्यानं बारीक करून भरवायची.

स्नेहल त्यांची सून. एका बँकेत नोकरीला, पण तेव्हा तिनं लांब रजा टाकली होती. सकाळी ती सरांना खुर्चीत बसवून बुद्धवंदना म्हणायची. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा दारातच थबकले. सर म्हणत होते. सगळी पाली वंदना, एका सुरात, एकही शब्द न चुकता. मी धावत आत गेले. वंदना संपली. मी म्हटलं, "सर!" ते माझ्याकडे वळले. "बरं का," म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बोलण्याच्या उपचारासाठी येणारी मुलगी म्हणाली, असं होतं. पाठ असलेलं, सुरातलं, ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. ती त्यांना चित्रांचे पत्ते दाखवायची. केळं, छत्री, कप. आयुष्यभर राजा आणि प्रजा यांच्यातला करार समजावून सांगणारा माणूस केळ्याच्या चित्रासमोर घामाघूम व्हायचा.

आणि मला तो शब्द हवा होता. खरं सांगायचं तर मला वाटायचं, तो मिळाला तर सरही थोडे परत मिळतील. एका दुपारी मी त्यांच्यासमोर बसले. पडदे ओढलेले, एसीची घरघर, स्वयंपाकघरात स्नेहल डाळ निवडत होती.

"सर, मी शब्द म्हणते. तो आला की मान हलवा."

ते एकदम ताठ बसले. डावा हात गुडघ्यावर घट्ट.

मी सुरू केलं. मर्जी. त्यांनी मान हलवली, नाही. हट्ट. नाही, पण हसले. अंमल. मालकी. मुखत्यारी. नाही, नाही, नाही. घरातला शब्द, रोजचा शब्द. वडीलकी, मी म्हटलं, आणि त्यांचा डावा हात वर उचलला गेला. जवळ आलीस, असं काहीतरी. वडिलांचा मान? कर्तेपण? घरधनी? ते आता बोट दाखवायला लागले. स्वयंपाकघराकडे. मग दाराकडे. मग स्वतःच्या छातीकडे.

स्नेहल हात पुसत बाहेर आली. "चावी?" तिनं विचारलं. "पप्पा, उंबरठा? मोठेपणा? मान?"

"बरं का," ते म्हणाले. मग जोरात, "बरं का! बरं का!"

मी पेन्सिल दिली. डाव्या हातानं त्यांनी कागदावर एक उभी रेघ ओढली, तिला एक गोल काढला. तो म असेल, भ असेल, स असेल. पुढचं अक्षर नुसती वळवळ. त्यांनी स्वतःच ते पाहिलं. वाचता येईना त्यांनाही. पेन्सिल त्यांनी फेकली नाही, फक्त बोटं सैल सोडली आणि ती घरंगळत सोफ्याखाली गेली.

"ताई, आज पुरे," स्नेहल म्हणाली. मला लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "रागवू नका. पण पप्पांना आंघोळीचं पाणी गरम लागतंय की गार, एवढंसुद्धा सांगता येत नाहीये. परवा पाठ भाजली असती. मी तो शब्द शोधतेय, आणि तुम्ही राजाचा."

लिफ्ट आली. मी आत शिरले.

मे महिन्यात प्रचार शिगेला पोचला. सर टीव्हीसमोर बसून असायचे. चारचार माणसं एकाच वेळी ओरडत असायची आणि सर एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. काय बोलतायत याकडे त्यांचं लक्ष होतं, की तोंडं किती सहज हलतायत याकडे, मला कळायचं नाही. मतदानाच्या दिवशी मी सकाळीच डोंबिवलीत मत देऊन आले आणि मिलिंदचा फोन आला.

"ताई, येता का जरा? पप्पा ऐकतच नाहीयेत. टीव्हीवर लोकांची शाईची बोटं दाखवली ना, तेव्हापासून दार दाखवतायत. बाहेर ऊन बघा काय आहे. मी सकाळी जाऊन आलेलो, लाइन एवढी मोठी होती."

मी पोचले तेव्हा सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून व्हीलचेअरमध्ये बसलेले होते. बटणं स्नेहलनं लावली असणार. ओळखपत्र त्यांच्या डाव्या मुठीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते त्यांचं जुनं, तास सुरू होण्याआधीचं 'बरं का' म्हणाले. मी मिलिंदला म्हटलं, "नेऊ या."

सरांचं नाव अजून कल्याणच्याच यादीत होतं, जुन्या घराजवळच्या शाळेत केंद्र होतं. रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. या आजोबा, या, पुढे या. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. सगळे चांगलेच वागत होते, हे मला मुद्दाम लिहायचंय. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी ओळखपत्र घेतलं, यादीत बोट फिरवलं आणि सवयीनं, मान वर न करता विचारलं, "नाव?"

स्नेहल सांगायला लागली. सरांनी डावा हात वर करून तिला थांबवलं.

त्यांना स्वतः सांगायचं होतं. त्यांनी श्वास घेतला. ओठ मिटले, उघडले. कपाळावर घाम. आयुष्यभर ज्या माणसानं शेकडो मुलांसमोर सांगितलं, की लिहिणाऱ्यांनी जिवाच्या भीतीनं आपली नावं झाकली, तो आता नुसतं आपलं नाव सांगायला धडपडत होता. सरांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला. पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, येईल. आत्ता येईल.

"बरं का," सर म्हणाले.

एक तरुण पोरगा फस्सकन हसला आणि लगेच ओशाळून खाली बघायला लागला. टेबलापाशीच्या बाईंनी आता मान वर केली होती. त्यांना कळलं. "असू दे सर," त्या हलकेच म्हणाल्या आणि यादीतलं नाव त्यांनीच वाचलं, मोठ्यानं, पूर्ण. शाई लावली. मिलिंद सोबत जायला निघाला तर सरांनी त्याला मानेनं नको म्हटलं. पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत खुर्ची ढकलून तो मागे आला. आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहिलो. फार वेळ गेला. कुणी घाई केली नाही. मग मतदान यंत्राचा तो लांब बारीक आवाज झाला.

मला वाटलं होतं ते आनंदात असतील. घरी येताना गाडीत ते रडत होते. आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि शाईचं बोट त्यांनी मांडीवर सरळ धरून ठेवलं होतं, ओली शाई पुसली जाऊ नये तसं. का रडत होते? नाव सांगता आलं नाही म्हणून? मत देता आलं म्हणून? त्यांना हवं तेच बटण दाबलं गेलं की हात चुकला? स्नेहलनं विचारून पाहिलं. मीही विचारून पाहिलं. मग आम्ही विचारणं सोडून दिलं आणि ती त्यांचा हात धरून बसली.

दिवाळीच्या आधी त्यांना दुसरा झटका आला. या वेळी त्यांनी फार त्रास घेतला नाही. गेले.

पुस्तकाचं पुढे काय करायचं हे मिलिंदनं माझ्यावर सोपवलं. मी त्यांचे सगळे कागद पाहिले. शब्द कुठेही लिहिलेला नव्हता. तो त्यांनी सांगण्यासाठी ठेवला होता, लिहिण्यासाठी नाही. प्रकाशक विचारत राहिले, बाई, या जागा कोऱ्या कशा सोडणार? वाचकाला वाटेल छपाईची चूक आहे. त्यांचंही बरोबर होतं. शेवटी एका दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि सगळ्या कोऱ्या जागी 'राजाधिकार' भरला. एक कळ दाबली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत राजाला शब्द मिळाला. त्यांना न आवडलेला, सरकारी. पडद्यावर ती भरलेली पानं बघताना मला इतकं एकटं वाटलं, की उठून मी शेजारणीकडे उगीचच विरजण मागायला गेले.

अजूनही सवय गेलेली नाही. भाजी घेताना, कुणाचं भांडण ऐकताना, वर्गात मुलं आपसांत बोलत असताना एखादा साधा शब्द कानावर पडतो आणि मी जागच्या जागी थांबते. हा असेल का? मग मान हलवणारं कुणी नसतं.

गेल्या रविवारी पुस्तकाची पहिली प्रत घेऊन स्नेहलकडे गेले. तिनं ती आधी फोटोपुढे ठेवली, मग तिथेच जमिनीवर बसून चाळायला लागली. ती कॉमर्सची, इतिहासाशी तिचा कधी संबंध आला नव्हता. पण तिनं सांगितलं, शेवटच्या महिन्यांत दुपारी ती सरांना त्यांचंच हस्तलिखित वाचून दाखवायची. निम्मंच वाचून झालं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मग त्या राजाचं झालं काय शेवटी?"

"युद्ध झालं. राजा हरला. त्याच्यावर खटला चालवला आणि भर चौकात त्याचं डोकं उडवलं."

"बाप रे. म्हणजे ही चोपडी लिहिणारे जिंकले?"

"काही वर्षं. मग लोकांनीच त्याच्या मुलाला परत बोलावून गादीवर बसवलं. घंटा वाजवल्या, शेकोट्या पेटवल्या, रस्त्यात नाचले."

स्नेहल पुस्तक मिटून माझ्याकडे बघत राहिली. "परत राजाच आणला? मग एवढं सगळं लिहून, कान कापून घेऊन, उपयोग काय झाला?"

मी तोंड उघडलं. पुढच्या शंभर वर्षांत काय काय बदललं, ते मला येतं, मी शिकवते. परीक्षेत त्यावर प्रश्न असतो. पण तिनं ते विचारलं नव्हतं. ती पप्पांच्या फोटोसमोर बसून विचारत होती.

"मला नाही सांगता येत, स्नेहल," मी म्हटलं.

"पप्पांना माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "त्यांना माहीत होतं."